पगार कमी झाला, हप्ते तेवढेच. बँकेशी आणि पतसंस्थेशी बोलायचं कसं?

उंबरा
मंडळी, थोडं सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या. जुनी कंपनी बंद पडली, नवीन नोकरी लागली पण हातात येणारा पगार ६२ हजारावरून ४६ वर आला. घरभाडं, मुलीची फी, आईची औषधं, किराणा, लाइट बिल असं सगळं धरून २६ हजार जातात, मी आणि बायकोने वही घेऊन बसून एकेक खर्च तपासलाय, आता कापण्यासारखं फारसं काही नाही. म्हणजे उरतात २० हजार. आणि देणी अशी:

पर्सनल लोन, ५ लाख बाकी, १६ टक्के, अजून ३ वर्षं, हप्ता १७,५७९.
पतसंस्थेचं कर्ज, १ लाख ८० हजार बाकी, १३ टक्के, हप्ता ६,५००. जामीनदार दोन, एक मावसभाऊ आणि एक जुन्या ऑफिसातले सहकारी.
क्रेडिट कार्ड, १ लाख, मिनिमम ड्यू (दरमहा निदान भरावीच लागणारी रक्कम) ५ हजार.

बेरीज २९ हजारांच्या वर जाते. आतापर्यंत साठवलेल्यातून भरत आलो, एकही हप्ता चुकलेला नाही, पण पुढच्या महिन्यापासून जमणार नाही हे स्पष्ट दिसतंय. ८० हजारांची एक एफडी आहे ती अजून मोडली नाही. तशात एका सेटलमेंट करून देणाऱ्या कंपनीचे फोन येतायत, म्हणे सगळे हप्ते भरणं बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो, आमची फी वेगळी.

बँक खरंच हप्ता कमी करून देते का? आधी कोणाचं भरायचं? मला कोणाचे पैसे बुडवायचे नाहीत, पण वेळ हवाय.

खटपट्या
सेटलमेंटवाल्यांचा नंबर आधी ब्लॉक कर. बाकीचं नंतर बोलू.

सायली_क
दादा, अजून एकही हप्ता चुकला नाही ही तुमची सगळ्यात मोठी ताकद आहे, ती जाऊ देऊ नका. थकल्यावर गेलात तर समोर वसुली खातं बसतं. आधी गेलात तर कर्ज देणारी माणसं बसतात. दोघांच्या बोलण्यात जमीनअस्मानाचा फरक असतो.

निवृत्त_शाखाधिकारी
मी बरीच वर्षं बँकेत कर्जविभागात होतो म्हणून आतली बाजू सांगतो. बँक हप्ता कमी करायला नाही म्हणते तेव्हा लोकांना वाटतं की खडूस आहेत. खरं कारण असं की कर्जदार अडचणीत आहे म्हणून अटी बदलल्या तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ते खातं रिस्ट्रक्चर केलेलं धरलं जातं, आणि बँकेला त्यापोटी जास्त तरतूद करावी लागते, म्हणजे कर्ज बुडालं तर म्हणून जास्त पैसे बाजूला ठेवावे लागतात. तुमच्या सिबिल रिपोर्टमध्येही, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या अहवालातही, तशी नोंद जाते. त्यामुळे ब्रँचमधला माणूस हो म्हणूच शकत नाही, वरून मंजुरी लागते.

पण खातं स्वच्छ असेल तर दुसरा रस्ता आहे. जास्त मुदतीचं नवीन कर्ज काढून जुनं त्यातून बंद करायचं, त्याच बँकेत किंवा दुसरीकडे. हे सहसा रिस्ट्रक्चरिंगमध्ये धरत नाहीत, पण यासाठी सिबिल स्कोअर चांगला हवा, म्हणजे हे आत्ताच करायला हवं. फोरक्लोजर चार्ज (मुदतीआधी कर्ज बंद करण्याचा आकार) आणि प्रोसेसिंग फी किती ते आधी लेखी घ्या. पगार कमी झाल्याचं लपवू नका, नवीन सॅलरी स्लिप लावा.

हिशोब सांगतो. ५ लाख, १६ टक्के, ३ वर्षांऐवजी ५ वर्षं केली तर हप्ता १७,५७९ वरून १२,१५९ वर येतो. महिन्याला साधारण ५,४०० चा श्वास मिळतो. पण एकूण व्याज १ लाख ३३ हजारांवरून २ लाख ३० हजारांवर जातं. हे डोळ्यासमोर ठेवून सही करा.

जुना_गडी
९७ हजार जास्त व्याज?? यापेक्षा सेटलमेंट परवडली की. मी कार्डाचं केलं होतं, २ लाख १० चे ९० हजारांत मिटले. सुटलो.

निवृत्त_शाखाधिकारी
@जुना_गडी, तुमची परिस्थिती तशी असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्याचा पगार चालू आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सेटलमेंट मिळायला आधी खातं थकावं लागतं, साधारण ९० दिवस होऊन एनपीए (थकीत, अनुत्पादक खातं) झाल्याशिवाय कोणी तो विषयच काढत नाही. तेवढ्या काळात दंड, व्याज, फोन, घरी माणसं, सगळं भोगायचं. आणि शेवटी सिबिलला 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लागतं, ते पुढे वर्षानुवर्षं दिसतं. तडजोडीनंतर त्या बँकेने निदान १२ महिने नवं कर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा जून २०२३ चा नियम आहे, आणि दुसऱ्या बँकाही तो शेरा बघून हात आखडता घेतात.

जुना_गडी
मान्य आहे, घरासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा तीन ठिकाणी नाही म्हणाले. पण काका, माझी नोकरी आठ महिने नव्हती, त्या वेळी दुसरं काय करणार होतो? ज्याच्याकडे काहीच येत नाही त्याच्यासाठी सेटलमेंट हाच रस्ता असतो, त्याला नावं ठेवू नका एवढंच.

निवृत्त_शाखाधिकारी
नाही ठेवत. तुमच्या जागी मीही तेच सुचवलं असतं. फक्त एक, सेटलमेंटचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर आल्याशिवाय एक रुपया देऊ नये, आणि पैसे कर्जखात्यातच भरावे, एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाही. नंतर नो ड्यूज सर्टिफिकेट घ्यायचं.

पारंबी
उंबरा, तुम्ही सगळ्यात कमी काळजी कार्डाची करताय असं वाटलं लिहिण्यावरून, पण सगळ्यात महाग तेच आहे. साडेतीन टक्के महिना धरला तर १ लाखावर ३,५०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३०. तुम्ही ५ हजार भरता त्यातले ४,१३० असेच गेले, मुद्दल कमी झालं फक्त ८७० रुपये. आणि पूर्ण बिल भरत नाही तोवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज चालू. कार्ड आजच कपाटात टाका.

एफडीवर ७ टक्के मिळत असतील आणि कार्डावर ४२ जातायत. मोडा ती.

रेवा
पूर्ण मोडू नका हो! आई आजारी आहेत घरात. हातात काहीच नसलं की पुढच्या अडचणीला परत कार्डच काढावं लागतं, आमच्याकडे हेच चक्र बघितलंय दिरांचं. ५० हजार कार्डात घाला, ३० ठेवा.

पारंबी
रेवा, हे बरोबर आहे. ५० घालून उरलेल्या ५० हजारांचे ईएमआय करून मागा. कार्डवाले हे सहज देतात, ॲपमध्येच पर्याय असतो, व्याज निम्म्याच्या आसपास येतं. १८ टक्के धरले आणि ३ वर्षं घेतली तर १,८०८ चा हप्ता. कुठे ५,००० आणि कुठे १,८०८.

खटपट्या
आमच्या ऑफिसात एकाने कार्ड फ्रीजरमध्ये बर्फाच्या भांड्यात घालून ठेवलं होतं, वापरावंसं वाटलं तर वितळेपर्यंत विचार बदलतो म्हणे. मग कळलं की नंबर मोबाइलमध्ये सेव्ह आहे :) तेव्हा ॲपमधूनही कार्डाचे नंबर काढून टाका.

भाऊसाहेब
सगळे बँकेचं बोलतायत, पतसंस्थेकडे कोणाचं लक्ष नाही. मी एका पतसंस्थेत वसुली बघायचो. उंबरा, तुमच्यासाठी पहिला नंबर पतसंस्थेचा, आणि कारण व्याज नाही. कारण जामीनदार.

पर्सनल लोन थकलं तर बँकेला दावा लावावा लागतो नाहीतर लवाद, त्याला वेळ लागतो. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते, तो मिळाला की दिवाणी कोर्टात न जाता वसुली अधिकारी पगारावर, वस्तूंवर जप्ती आणू शकतो. आणि कर्जदाराच्या आधी जामीनदाराकडे गेलं तरी कायद्याने चालतं, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरतात. मी स्वतः बघितलंय, कर्ज घेणारा गावाबाहेर आणि जामीनदार शिक्षकाच्या पगारातून दरमहा कपात. त्या घरांत पुढे बोलणं राहिलं नाही.

तर मावसभाऊ आणि ते सहकारी, दोघांना तुम्ही स्वतः जाऊन सांगा. संस्थेचं पत्र त्यांच्या हातात पडण्याआधी.

उंबरा
भाऊसाहेब, हेच मला झोपू देत नाहीये. मावसभावाचं या वर्षी घराचं कर्ज मंजुरीला आहे.

भाऊसाहेब
मग तर नक्की सांगा. संस्था सिबिलला माहिती पाठवत असेल तर त्याच्याही रिपोर्टमध्ये हे कर्ज दिसतं.

संस्थेत अर्ज करताना चेअरमनला भेटून तोंडी बोलू नका नुसतं, म्हणजे भेटा, पण अर्ज लेखी द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. मजकूर साधा ठेवा: पगार एवढा होता, एवढा झाला, स्लिप जोडली आहे, आजपर्यंत थकबाकी नाही, मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळावा. १ लाख ८० ला ५ वर्षं केली तर ४,१०० च्या आसपास बसेल. संचालक मंडळाच्या सभेत ठराव होतो, त्याला महिना जातो. तोपर्यंत जमेल तेवढं भरत राहा, शून्य कधीच नको. सभेत पहिला प्रश्न हाच असतो, माणूस भरतोय का.

कर्ज घेताना सही केलेले कोरे चेक दिलेत का?

उंबरा
हो, तीन. सगळ्यांकडून घेतात असं म्हणाले होते.

भाऊसाहेब
घेतात. म्हणूनच गप्प राहायचं नाही. चेक भरला आणि बाउन्स झाला तर कलम १३८ ची (चेक न वटल्याची) केस होते, ती फौजदारी. चेक कोरा दिला होता हा बचाव कोर्टात सहसा टिकत नाही.

टोपणनाव
पण कर्ज थकलं म्हणून जेल होत नाही ना? मला एका ॲपवाल्याने पोलिस पाठवतो म्हणून धमकी दिलीय

सायली_क
नाही होत. कर्ज न फेडता येणं हा दिवाणी मामला आहे, फसवणूक केली असेल तर वेगळं. फौजदारी बाजू येते ती भाऊसाहेबांनी सांगितली तशी चेक बाउन्सची, आणि हे फार जणांना माहीत नसतं, बँक खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैसे नसल्याने परत गेला तरी पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तशीच केस होऊ शकते. त्यातही आधी नोटीस येते, पैसे भरायला १५ दिवस मिळतात. नोटीस आली तर उचलून बाजूला ठेवू नका, वकिलाकडे न्या. उत्पन्न कमी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो.

ॲपचं म्हणाल तर आधी बघा की ते रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँक किंवा एनबीएफसीच्या (बँक नसलेल्या वित्त कंपनीच्या) वतीने आहे का. तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट आणि फोटो वाचायला कर्ज ॲपला परवानगीच नाही, २०२२ पासून नियम आहे. धमकी, मॉर्फ केलेले फोटो असलं काही असेल तर १९३० वर सायबर तक्रार करा.

टोपणनाव
धन्यवाद ताई. जरा जीव भांड्यात पडला.

रेवा
वसुलीवाल्यांचं मी सांगते. दिरांचं प्रकरण होतं, पर्सनल लोन तीन महिने थकलं. फोन मला, सासूबाईंना, शेजारच्या काकूंना. एके दिवशी दोघं जण दिरांच्या ऑफिसच्या रिसेप्शनला येऊन बसले, मोठमोठ्याने नाव घेत होते. दीर घाबरून मागच्या दाराने गेले. मी तिथे जवळच होते, मी गेले आणि आयडी कार्ड आणि बँकेचं अधिकारपत्र मागितलं. एकाकडे कार्ड होतं, पत्र कोणाकडेच नव्हतं. मी त्या कार्डाचा फोटो घेतला आणि म्हटलं आता बोला काय बोलायचं ते, मी लिहून घेते. पाच मिनिटांत उठले.

त्या रात्री बसून सगळे कॉल लिहून काढले, तारीख, वेळ, नंबर, काय बोलला. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे, आमच्याकडे रात्री साडेनऊचे कॉल होते. नातेवाइकांना त्रास देणं, चारचौघांत अपमान करणं यालाही मनाई आहे. बँकेच्या नोडल ऑफिसरला (तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेल केला, सोबत ही यादी. आणि त्याच ईमेलमध्ये लिहिलं की दरमहा ६ हजार भरू शकतो, या महिन्याचे भरले, पावती जोडली आहे. फोन थांबले. नुसती तक्रार केली असती तर थांबले असते असं मला नाही वाटत.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ऑनलाइन, फुकट. माहितीसाठी १४४४८ वर फोन.

भाऊसाहेब
पतसंस्थेला तो लोकपाल लागू नाही हं. तिथे उपनिबंधक किंवा सहायक निबंधक, सहकारी संस्था.

मुक्काम_पोस्ट
परदेशात लोक दिवाळखोरी जाहीर करतात आणि मोकळे होतात, आपल्याकडे तो २०१६ चा कायदा आहे ना?

सायली_क
कायद्यात तो भाग आहे पण साध्या माणसासाठी अजून लागू केलेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांनाच डिसेंबर २०१९ पासून लागू झालाय. बाकीच्यांना ते जुने १९०९ आणि १९२० चे दिवाळखोरीचे कायदे. उंबरांना याची काही गरज नाही, पगार चालू आहे.

जुना_गडी
एक राहिलंच. उंबरा, पगार ज्या बँकेत येतो तिचंच पर्सनल लोन आहे का? असेल तर हप्ता थकल्यावर बँक खात्यातून परस्पर वळवून घेते. माझा अख्खा पगार एकदा तसा गेला होता, भाड्याला पैसे राहिले नव्हते. घरखर्चाचं खातं दुसऱ्या बँकेत ठेवा.

निवृत्त_शाखाधिकारी
हे जुना_गडी यांचं बरोबर आहे, करारात तसा हक्क लिहिलेला असतो. खातं वेगळं ठेवण्यात लबाडी काही नाही, घरखर्च आधी बाजूला पडला तरच ठरलेला हप्ता दर महिन्याला जातो.

आणि कोणाशीही बोलताना २० च्या २० हजार कबूल करू नका. १८ पर्यंतच शब्द द्या. मोठ्या हप्त्याला हो म्हणून दुसऱ्याच महिन्यात चुकणारे खूप बघितले, त्यानंतर त्यांचा शब्द कोणी धरत नाही.

उंबरा
मंडळी, मधे गायब होतो, कामात होतो. काय काय झालं ते सांगतो.

एफडीतले ५० कार्डात भरले, उरलेल्याचे ३ वर्षांचे ईएमआय झाले, १,८०८, पारंबींनी सांगितला होता अगदी तोच आकडा. कार्ड बंद ठेवलंय.

मावसभावाकडे गेलो. तो आधी गप्पच बसला, मग म्हणाला बरं झालं आधी सांगितलंस. त्याची बायको नाराज आहे, ते साहजिकच आहे. सहकाऱ्यांना फोन केला, त्यांनी उलट चेअरमन ओळखीचे आहेत मी येतो सोबत म्हणून सांगितलं. पतसंस्थेत अर्ज दिला, शिक्का घेतला, सभा पुढच्या आठवड्यात आहे, सचिव म्हणाले ५ वर्षं मिळायला हरकत नसावी.

अडलंय पर्सनल लोनला. बँक नवीन लोन देऊन जुनं बंद करायला तयार आहे, व्याजदर तोच १६, पण ४ वर्षांचंच, ५ नाही म्हणतात. हप्ता १४,१७० येतो. १४,१७० आणि १,८०८ आणि ४,१०० म्हणजे २०,०७८. शाखाधिकारी काकांनी १८ च्या वर जाऊ नका सांगितलं होतं. काय करू?

पारंबी
२० हजारच उरतात ना तुमचे? मग नाही. घेऊ नका.

जुना_गडी
बायको काही करू शकतील का, क्लास वगैरे?

उंबरा
ती आईकडे बघते दिवसभर, तिच्यावर अजून ओझं नको.

निवृत्त_शाखाधिकारी
अजून सही करू नका. आणखी दोन ठिकाणी विचारा. तुमच्या नवीन कंपनीचं कोणत्या बँकेशी पगाराचं टायअप आहे ते बघा, तिथे टेकओव्हर (नव्या बँकेने जुनं कर्ज फेडून आपल्याकडे घेणं) ५ वर्षांचं मिळू शकतं आणि दर एखादा टक्का कमीही लागेल. पण एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी सिबिलला दिसते आणि स्कोअर उतरतो. आधी नुसतं तोंडी विचारा, जिथे ५ वर्षं देतील तिथेच अर्ज.

आणि या बँकेलाही लेखी सांगा की ४ वर्षांचा हप्ता माझ्या उत्पन्नात बसत नाही, ५ वर्षांचा १२,१५९ मी खात्रीने भरू शकतो, सोबत तुमच्या वहीतला खर्चाचा तक्ता जोडा. ब्रँचकडून नाही आलं तर तोच अर्ज रीजनल ऑफिसला. मंजुरी देणाऱ्या टेबलावर असला तक्ता आला की मी तो आधी वाचायचो.

रेवा
आणि हा महिना? नवीन लोन व्हायच्या आधीच हप्त्याची तारीख येईल.

निवृत्त_शाखाधिकारी
या महिन्याचा पूर्ण भरा, एफडीतले उरलेत त्यातून गेले तरी चालतील. अर्ज चालू असताना हप्ता चुकला तर तो अर्ज तिथेच संपला.

उंबरा
ठीक आहे काका. उद्या टायअपवाल्या बँकेत जातो, तक्ता कॉम्प्युटरवर नीट करून घेतो. अर्जाचा मजकूर इथे टाकला तर बघाल का कोणी?

भाऊसाहेब
टाका. खातेनंबर आणि नावं काढून टाका.

सायली_क
आणि नवीन लोन झालं की जुन्याचा मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप उचलायची परवानगी) रद्द झाल्याचं बँकेकडून लेखी घ्या. आमच्याकडे जुनं लोन बंद होऊनही पुढच्या ५ तारखेला हप्ता उचलायला आला होता, खात्यात पैसे नव्हते म्हणून बाउन्सचा चार्ज लागला, तो परत मिळवायला दोन महिने भांडावं लागलं.